पाच फूट जास्तीचं पाणी

मंगळवार, ४ मार्च

चि. खिळ्यास,

आशीर्वाद. सहा वर्षांचे साठले आहेत, एकदम सगळे पाठवत नाही, झेपायचे नाहीत.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझे गुडघे सोडले तर घरातलं सगळं जागच्या जागी आहे. पत्ता तुझ्या बायकोकडून मिळाला. तिला रागावू नकोस, मीच महिनाभर तिच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी कंटाळून दिला बिचारीनं.

पत्राला तसं कारण काही नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना बॉयलरबद्दल एक शंका आहे. मी म्हटलं, आमच्या धाकट्याचा जन्म बॉयलर तपासण्यात गेला, विचारून बघते. शंका अशी : दीडशे वर्षांपूर्वीची मालवाहू आगबोट आहे. तिच्या बॉयलरमधली वाफ कुणी झडप उघडून मुद्दाम सोडून दिली, तर तो आवाज किती वेळ चालेल? आणि बॉयलर फुटलाच, तर किती वेळ? बाईंना फक्त मिनिटं हवी आहेत. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. म्हणजे, बाईंना चालेल.

माझं म्हणशील तर, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रोज सकाळी बंदराच्या कचेरीत जाते. आमच्या भरती-ओहोटीच्या खोलीत माझ्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी बसते. हुशार आहे. मी गेले की उठून खुर्ची देते आणि मी बसले की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. मी दहाच मिनिटं बसते. धक्क्याच्या भिंतीवरची पाण्याची पट्टी अजून मीच रंगवते, तेवढं मात्र तिला करू देत नाही. अडतीस वर्षं जिच्याकडे बघून पाणी मोजलं, ती दुसऱ्याच्या हातात कशी देऊ?

जुनी गोदी सध्या रिकामी केली आहे. दारं सडली होती, ती बदलायला पाणी उपसलं. तळाचा गाळ धुताना तिथल्या मुकादमाला भिंतीत काहीतरी सापडलं, म्हणून त्यानं मला हाक मारली. ते राहू दे. तुला त्यात काय रस असणार.

मिनिटं तेवढी कळव.

तुझी
ताई

शुक्रवार, २१ मार्च

चि. खिळ्यास,

कार्ड मिळालं! ‘सोडली तर दाबाप्रमाणे पाच ते सात मिनिटं. फुटला तर एक धमाका, संपलं. बाईंना सांग.’ वर ताई नाही, खाली सही नाही, पण आहे तुझंच. ‘मिनिटं’मधला तो वाकडा ‘ट’ तू पहिलीत असल्यापासून तसाच काढतोस. मी कार्ड हातात घेऊन ग्रंथपालांकडे गेले आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “एवढंच?” मी म्हटलं, “सहा वर्षांनी आलंय हो, आणि तुम्ही शब्द काय मोजताय!” त्यांनी मुकाट्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी रडत वगैरे नव्हते. थोडीशीच.

‘बाईंना सांग’ म्हणे. लबाडा. बाई कोण ते तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार. बरं बाबा, बाई मीच. आता सगळं नीट सांगते, मध्ये चिडून पत्र फाडू नकोस.

आपण दोघांनी मिळून शोध घेतला तो आठव. पणजोबा ज्या बोटीवर बॉयलरची आग सांभाळणारे आगवाले होते, ती शिलाईची यंत्रं आणि कौलं भरून धुक्यात बंदराकडे येत होती आणि संध्याकाळी आठ वाजता बुडाली. माणसं वाचली. चौकशीत कप्तान म्हणाला, मी बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकापासून लांब खोल पाण्यात होतो, बॉयलर फुटला. चौकशीवाल्यांनी मान डोलावली आणि पणजोबांच्या माथी ते कायमचं बसलं. पुन्हा त्यांनी आगबोटीवर पाय ठेवला नाही. आजोबांना शाळेत ‘बॉयलरफोड्याचा’ म्हणायचे. तरी त्या माणसाचा मुलगा बॉयलरवर गेला, नातू गेला आणि पणतू तू. चार पिढ्या त्याच आगीपुढे.

मग आपल्याला दीपगृहाच्या रखवालदाराची रोजनिशी सापडली. तू त्या दिवशी टेबलावर बुक्की मारली होतीस, शाईची दौत उडाली होती. कारण त्यानं लिहिलं होतं की धुक्यातून वाफेची गर्जना नेमकी खडकाच्या दिशेनं ऐकू आली, सहा मिनिटं. म्हणजे कप्तान खोटं बोलला. बोट खडकावरच होती! तू म्हणालास, “ताई, बोट आपटली, पणजोबांनी वाफ सोडली. फुटलेला बॉयलर सहा मिनिटं गर्जत नाही गं.”

आणि मी काय केलं? मी गणित केलं. जुन्या नकाशात खडकावर नऊ फूट पाणी दिलं आहे, ते शून्याच्या, म्हणजे भरती जिथून मोजतात त्या खुणेच्या, खालचं. त्या संध्याकाळची भरती मी चंद्रावरून मागे जाऊन काढली : आठ फूट. नऊ आणि आठ सतरा. बोटीला लागत होतं पंधरा. दोन फूट पाणी राखून ती खडकावरून आरामात गेली असती. म्हणजे आपटली नाही. म्हणजे बॉयलरच. झालं, मी पुस्तक लिहून मोकळी! आपल्याच पणजोबाला दोषी ठरवणारी लेखिका, केवढी ती निःपक्षपाती, असं मला वाटत होतं. आणि प्रकाशनाला तू उभा राहून म्हणालास, “माझ्या पणजोबांनी बॉयलर फोडलेला नाही,” तेव्हा मी माईकवरून काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “भावनेनं पाणी कमी-जास्त होत नाही.” लोक हसले. तू बॅग उचललीस आणि गेलास.

आता गोदीत काय सापडलं ते ऐक. मुकादम म्हणजे खमका माणूस, मिशीत हसतो. मला शिडीवरून तळाशी उतरवलं, या गुडघ्यांनिशी! आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, “बाई, तुमच्या पट्टीची आजी सापडली बघा.” दगडात कोरलेले फुटांचे आकडे, जुन्या वळणाचे. शून्य कुठे होतं सांगू? गोदीच्या दाराच्या उंबऱ्यावर. पूर्वी पाणी उंबऱ्यापासून मोजायचे, कारण बोट आत घ्यायची तर उंबऱ्यावर किती पाणी आहे तेवढंच बघायचं असे. नवा धक्का बांधला तेव्हा शून्य आणखी खाली नेलं, सगळ्यात खोल ओहोटीला. मुकादमानं पाणसळ लावून दोन्ही पट्ट्या जुळवल्या. आजीचं शून्य माझ्या पट्टीवर पाचाला येतं.

पाच फूट, खिळ्या. जुना नकाशा उंबऱ्यापासून मोजलेला आणि मी भरती मोजली माझ्या नव्या पट्टीनं. उंबऱ्यापासून धरली तर भरती आठ नाही, तीन. नऊ आणि तीन बारा. बोटीला हवं पंधरा. ती खडकावरून जाऊच शकत नव्हती. धाडकन आपटली!

मी तिथेच चिखलात बसून हसायला लागले. मुकादम घाबरला, त्याला वाटलं बाईंना काही झालं. अरे, आनंदच झाला होता मला. दुसऱ्या कुणी ही चूक केलीच नसती. दुसऱ्यानं विचारलं असतं, हे शून्य कुठलं? मी अडतीस वर्षं त्या शून्याला हातानं रंग लावत होते, मी कशाला विचारते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले, हा चौथा.

तुझी
ताई

गुरुवार, १० एप्रिल

चि. खिळ्यास,

उत्तर नाही. नसू दे. मी तरी लिहिणार, माझ्या हाताला कोण अडवतंय.

सध्या घरभर खळ पसरली आहे. आमच्या कचेरीत कोष्टकात चूक निघाली की नवं पुस्तक छापत नाहीत, दुरुस्तीची चिठ्ठी छापतात आणि ती चुकीच्या ओळीवर चिकटवतात. खलाशांना सवयच असते, पुस्तक उघडायचं आणि आधी चिठ्ठ्या बघायच्या. मीही तेच करते आहे. चिठ्ठीवर मजकूर असा : ‘पान ६१वरील गणितात लेखिकेनं शून्य चुकीचं धरलं. खडकावर बारा फूट पाणी होतं. बोट आपटली. बॉयलर फुटला नाही.’ पलंगाखाली दोनशे ऐंशी प्रती होत्या, कारण लोकांनी पुस्तक घेतलंच नाही. लेखिकेला याचा एवढा आनंद कधी झाला नसेल.

उरलेल्या वीस प्रती शोधत गावभर फिरते. ग्रंथालयात दोन होत्या. दंतवैद्यांकडे एक होती, बाहेरच्या बाकावर, दाढदुखीची माणसं चाळायची. मी तिथे बसून चिठ्ठी चिकटवायला लागले तर दंतवैद्य म्हणाले, “तुमचा नंबर कितवा?” एका शिक्षिकेनं प्रत परत द्यायला नकार दिला. म्हणाली, “मला पहिलंच मत आवडलं होतं.” तिला मी अर्धा तास शून्य समजावलं. शेवटी तिनं चिठ्ठी लावून घेतली, बहुतेक मी जावं म्हणून. आता चारच राहिल्या आहेत. त्यातली एक तुझ्याकडे आहे, नेली असशील तर. सोबत चिठ्ठी ठेवली आहे, खळ तुझी तू कर.

आता मुद्दा. सत्तावीस तारखेला, रविवारी, सकाळी दहाला त्याच सभागृहात मी बोलणार आहे. ग्रंथपालांनी फलकावर लिहिलंसुद्धा : ‘लेखिका आपलं पुस्तक मागे घेतात’. म्हणे या शीर्षकानं गर्दी जास्त होईल. माणूस तसा गरीब, पण आतून वस्ताद.

जिथे तुझा अपमान केला तिथेच, त्याच लोकांसमोर, त्याच माईकवर मला माझं चुकलं म्हणायचं आहे. ते तू नसलास तरी म्हणणारच. पण तू नसलास तर मला जेवण गोड लागणार नाही. बस, लिहून टाकलं. मोठ्या बहिणीनं एवढं वाकायचं म्हणजे काय, हे माझ्या गुडघ्यांना विचार.

आणखी एक सांगायचं आहे, पण ते पत्रात नको. आलास तर समोर सांगेन. नाही आलास तर नाही सांगणार, बस झुरत.

तुझी
ताई

सोमवार, २८ एप्रिल, दुपार

चि. खिळ्यास,

तू खाली माझ्या खोलीत झोपला आहेस आणि मी वर माळ्यावरच्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. वेडेपणाच आहे. पण समोर सांगेन म्हटलेलं काल दिवसभरात जमलं नाही. कालपासून पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा तुला विचारलं, “आणखी वाढू?” तू तरी किती खाणार.

आधी कालचं बोलते, ते सोपं आहे. तू बॅग खांद्यावर घेऊन मागच्या दारात उभा होतास, ते मला दिसलंच नव्हतं. मी शून्य समजावत होते, मुकादम नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता, आणि त्या शिक्षिकेनं हात वर करून विचारलं, “मग ती सहा मिनिटांची गर्जना कशाची?” मी म्हटलं, “त्यातलं मला काही कळत नाही. ज्याला कळत होतं त्याला मी याच सभागृहातून घालवून दिलं.” आणि मागून आवाज आला, “झडप दोन इंची असेल तर सहा मिनिटं बरोबर येतात.”

अरे, मी मंचावरून खाली उडीच मारायला निघाले! ग्रंथपालांनी धरलं म्हणून, नाहीतर मीही तिथेच आपटले असते. मग तू पुढे आलास, माझ्या हातातला माईक घेतलास आणि चाळीस मिनिटं झडपांवर बोललास. चाळीस! घरी तू चाळीस शब्द बोलत नाहीस. बोट आपटल्यावर थंड पाणी लागून तापलेला बॉयलर फुटू नये म्हणून आगवाला काय करतो, ते तू हातवारे करून दाखवलंस, तेव्हा ती शिक्षिका टाळ्या वाजवायला लागली. मग सगळेच. मी तर एवढ्या जोरात वाजवल्या की हात अजून लाल आहेत. पणजोबांसाठी एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, खिळ्या. आजोबा असते तर काय म्हणाले असते!

घरी येताना तू म्हणालास, “झालं ना ताई आता.” मी हो म्हटलं. पण झालेलं नाही. ते असं.

मी सभेत सांगितलं की चूक शून्याची होती. ती होतीच. पण चौकशीच्या कागदांत पणजोबांचा स्वतःचा जबाब होता, अर्धं पान. पुस्तक छापायला जायच्या आठ दिवस आधी मला तो मिळाला. त्यात जे लिहिलं होतं ते माझ्या गणिताशी जुळत नव्हतं. मी गणित पुन्हा तपासायला हवं होतं. त्याऐवजी मी मनाशी म्हटलं, गरीब माणूस, स्वतःला वाचवायला खोटं बोलला असेल. आणि तो कागद पुस्तकात घातलाच नाही. त्याचा उल्लेखही केला नाही, आणि तुलाही दाखवला नाही, कारण तू तो घेऊन नाचला असतास आणि माझं पुस्तक अडलं असतं. शून्याची चूक मला कळत नव्हती म्हणून झाली. ही मी कळून केली. कप्तानानं पणजोबांना एकदा खोटं पाडलं, दुसऱ्यांदा मी.

हे वाचून तू बॅग उचललीस तर मी दार अडवणार नाही. पण तू आल्यापासून मी इतकी आनंदात आहे की त्या आनंदात हे दडवून ठेवणं मला आता जमेना. तो जबाब खाली उतरवते आहे, एक अक्षर न गाळता. पत्र तुझ्या कोटाच्या खिशात ठेवते.

‘मी त्या पाळीचा आगवाला. आठच्या सुमारास खालून धक्का बसला, मी पडलो. लगेच दुसरा बसला. तळाच्या फटीतून पाणी आलं, घोट्यापर्यंत चढलं. पाणी बॉयलरला लागलं असतं तर तो फुटला असता आणि वरची माणसं मेली असती, म्हणून मी झडप उघडली. वाफ संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग वर गेलो. होड्यांत माणसं मोजली. माझ्यासकट बावीस. निघालो तेव्हा बावीसच होतो. कप्तान साहेब म्हणतात धक्का बसला नाही. ते वर होते, मी खाली होतो. याहून जास्त मला माहीत नाही.’

तुझी
ताई

(त्याच पत्राच्या पाठीमागे, पेन्सिलीनं)

ताई,

हा कागद मी सहा वर्षांपूर्वीच वाचला होता. तुझ्या टेबलावर होता, प्रुफांच्या खाली. पुस्तक हातात आल्यावर पहिल्यांदा तोच शोधला. नव्हता.

तुझं गणित चुकलं म्हणून मी गेलो नव्हतो. गणित कुणाचंही चुकतं, माझेही दोन बॉयलर गळले आहेत. लोक हसले म्हणूनही नाही. तो माणूस बोलत होता आणि तू त्याला बोलू दिलं नाहीस, म्हणून गेलो. मी स्वतः विचारलं असतं तर तू काहीतरी कारण सांगितलं असतंस आणि मला ते खरं मानावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. तू सांगशील म्हणून थांबलो. तुझं ‘बाईंची शंका’वालं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता सांगेल. काल सभेत वाटलं, आता सांगेल. जेवताना तर तू तोंड उघडलंस की मी घास थांबवत होतो आणि तू मला वाढत होतीस. पोट बिघडलं माझं.

आता सांगितलंस. संपलं.

उद्याचं परतीचं तिकीट रद्द केलं. घरी बायकोला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, महिनाभर तिकडेच राहा, इथे शांतता आहे. पुस्तक नवं लिहू, दोघं मिळून. चिठ्ठ्या पुरे. पहिलं पान त्यांच्या जबाबाचं, पूर्ण, जसंच्या तसं. त्याच्या आधी आपल्या दोघांचं एक अक्षर नको. मग मी वाफेचं लिहितो, तू पाण्याचं लिही.

कागद घेऊन खाली ये. मी टेबल पुसून ठेवलं आहे.